मायना मोठा, मजकूर छोटा

मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात असलेले छोटे छोटे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलत नाहीत, लिहून कळवतात. ऑर्डर घेणारा प्रोग्रॅम ‘ऑर्डर आली’ एवढे लिहून मधल्या रांगेत टाकतो आणि मोकळा होतो. बिल करणारा, गोदाम सांभाळणारा, ग्राहकाला एसएमएस धाडणारा हे बाकीचे प्रोग्रॅम ते आपापल्या सवडीने उचलतात. आपले कोण वाचते हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि लिहिणाऱ्यावर वाचणाऱ्याचा विश्वास नसतो. या लेखी व्यवहाराच्या एका नगाला संदेश म्हणतात. त्याची रचना जुन्या मराठी पत्रासारखीच असते: आधी मायना, मग मजकूर. इंजिनिअर मंडळी मायन्याला हेडर म्हणतात आणि मजकुराला पेलोड. बातमी दोन शब्दांची असते आणि संदेश चाळीस ओळींचा. उरलेल्या ओळी कुठून आल्या, याला सर्वसाधारण उत्तर एकच आहे. प्रत्येक रकाना कधी ना कधी झालेल्या एखाद्या अपघातानंतर घातलेला असतो. पुढे अपघात विसरला जातो, रकाना मात्र राहतो.

या व्यवस्थेच्या इतिहासात महाराष्ट्राशी नाते असलेली दोन नावे आहेत. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वित्तसंस्थांसाठी ‘द इन्फर्मेशन बस’ तयार केली. विषयाचे नाव घालून संदेश सोडून द्यायचा आणि ज्याला त्या विषयात रस असेल त्याने तो उचलायचा, अशी ती सोय. आयबीएमने १९९३ मध्ये एमक्यूसिरीज हे रांगेचे सॉफ्टवेअर आणले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रांगांचे आपसांत जमेना, म्हणून २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेत एएमक्यूपी या सामाईक नियमावलीचे काम सुरू झाले. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी काफ्का हे याच कामाचे सॉफ्टवेअर घडवले आणि २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ही व्यवस्था लिहिण्याच्या कामासाठी बेतलेली, म्हणून तिला लेखकाचे नाव शोभेल, असा क्रेप्स यांचा खुलासा आहे. आपला गुन्हा काय हे न कळताच खटल्यात सापडलेल्या माणसाची कादंबरी याच लेखकाची. रात्री दोन वाजता कन्झ्युमर, म्हणजे वाचणारा प्रोग्रॅम, मागे का पडत चाललाय हे शोधत बसलेल्या इंजिनिअरला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

मायन्याचा आरंभ ओळखक्रमांकाने होतो. आयबीएमच्या संदेशात त्याच्याही आधी चार अक्षरांची जागा आहे. त्यात ‘एमडी’ आणि पुढे दोन मोकळ्या जागा एवढेच असते, म्हणजे मी मायना आहे असे मायना स्वतःच जाहीर करतो. त्यानंतरचा ओळखक्रमांक आजकाल बहुधा यूयूआयडी या जातीचा असतो. रेघांसकट ३६ अक्षरांच्या या क्रमांकाच्या सर्वाधिक रूढ प्रकारात १२२ बिट निव्वळ यदृच्छेने भरलेले असतात. दोन संदेशांना चुकून एकच क्रमांक मिळण्याची शक्यता इतकी क्षीण आहे की व्यवहारात तिचा विचार करण्याचे कारण नाही. तरीही एकाच क्रमांकाचे दोन संदेश रोज येतात, कारण रांग तोच संदेश दोनदा पोचवते. बिल करणारा प्रोग्रॅम संदेश घेतो, बिल करतो आणि ‘मिळाला’ असे कळवण्याआधी कोसळतो. पोच आली नाही म्हणून रांग तो संदेश पुन्हा देते. संदेश हरवला तरी चालेल की दोनदा आला तरी चालेल, अशी ही निवड आहे, आणि बहुतेक ठिकाणी दुसरा पर्याय पत्करलेला असतो. त्यामुळे आलेले क्रमांक नोंदवून ठेवावेत आणि तोच पुन्हा आला तर सोडून द्यावा, ही जबाबदारी घेणाऱ्यावर येते. हे काम सर्वांना मान्य असते आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये घेतलेले असते. तोवर ग्राहकाला दोन एसएमएस जातात.

एका क्रमांकाने मात्र कोणाचेच भागत नाही. हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे कळावे म्हणून कोरिलेशन आयडी लागतो. आयबीएमने संदेशाच्या क्रमांकाला २४ बाइट दिले आणि याही क्रमांकाला २४ बाइट दिले. एकच काम दहा प्रोग्रॅममधून फिरते, त्याचा माग लागावा म्हणून ट्रेस आयडी आला. डब्ल्यूथ्रीसीने २०२० मध्ये त्याचे प्रमाण ठरवले, त्यात तो ३२ अंकी षोडशमान क्रमांक असतो. येथवर सारे सकारण आहे. यापुढे रिक्वेस्ट आयडी, ट्रान्झॅक्शन आयडी, रेफरन्स आयडी आणि युनिक आयडी येतात. प्रत्येक टीम आधीच्या टीमच्या क्रमांकावर भरवसा न ठेवता आपला वेगळा घालते. ‘युनिक’ असे नाव द्यावे लागते यातच बाकीच्यांबद्दलचे मत आले. इतके क्रमांक जवळ असताना बिघाड शोधायची वेळ आली की ग्राहकाचा मोबाइल नंबर विचारला जातो.

ओळखीनंतर वेळ. संदेशावर एकच वेळ असावी असे कोणालाही वाटेल, पण घटना घडली ती वेळ, संदेश लिहिला ती, पाठवला ती आणि रांगेत पोचला ती अशा चार वेळा सहज निघतात आणि चारही लिहिल्या जातात. काफ्काच्या संदेशात २०१६पासून वेळ असते. ती लिहिणाऱ्याच्या घड्याळाची धरायची की सर्व्हरच्या, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. ते कसे ठरले आहे हे कोणाच्या लक्षात राहत नाही, इतकेच. वेळ लिहायची जगन्मान्य रीत म्हणजे १ जानेवारी १९७०पासूनचा काळ मोजून आलेला आकडा टाकणे. काही टीम तो सेकंदांत मोजतात, काही मिलिसेकंदांत, आणि आकड्याकडे पाहून दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटते. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला तर आजची ऑर्डर जानेवारी १९७०च्या तिसऱ्या आठवड्यात पडते. उलट केले तर ती इसवी सन पन्नास हजारांच्याही पुढे जाते. भारतात याला साडेपाच तासांची जोड मिळते. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत आलेली प्रत्येक ऑर्डर जागतिक वेळेप्रमाणे आदल्या दिवशीची असते, आणि महिनाअखेरीचा हिशेब जुळवणाऱ्याला हे दर महिन्याला नव्याने समजते.

वेळेला लागून मुदत येते: इतक्या काळात वाचला नाही तर संदेश टाकून द्यावा. ती मोजण्याचे माप प्रत्येकाचे निराळे. आयबीएम मुदत सेकंदाच्या दहाव्या भागात मोजते. रॅबिटएमक्यू या रांगेच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती मिलिसेकंदांत असते, पण आकडा म्हणून न लिहिता मजकूर म्हणून लिहावी लागते. अशी मुदत संपलेला संदेश रॅबिटएमक्यूच्या साध्या रांगेतून लगेच जातोच असेही नाही. त्याच्या पुढचे संदेश हलेपर्यंत तो तिथेच उभा राहतो आणि आपला नंबर लागला की बाद होतो.

प्राधान्याचा रकाना चटकन आटोपण्यासारखा आहे. जावाच्या जेएमएस नियमावलीत ० ते ९ अशा पायऱ्या आहेत. ० ते ४ साधे, ५ ते ९ तातडीचे, आणि काहीच न सांगितल्यास ४. पहिली टीम आपल्या संदेशाला ९ लावते. तिचे काम आधी होते हे पाहून दुसरी लावते, आणि लवकरच सगळे संदेश सारखेच तातडीचे, म्हणजे सारखेच साधे होतात. काफ्काने हा रकाना ठेवलेलाच नाही, ही त्याची मोठीच दूरदृष्टी म्हटली पाहिजे.

संदेशाचा प्रकार सांगणारा रकाना अधिक बोलका असतो. शास्त्राप्रमाणे संदेश दोन जातींचे. घडून गेलेली गोष्ट कळवणारा तो इव्हेंट, म्हणून त्याचे नाव भूतकाळात: ‘ऑर्डर प्लेस्ड’. काम सांगणारी ती कमांड, म्हणून तिचे नाव आज्ञार्थी: ‘प्लेस ऑर्डर’. इव्हेंट पाठवणाऱ्याने पुढे कोणी काय करावे याची उठाठेव करू नये, असा संकेत आहे. दुसऱ्या टीमला हुकूम सोडण्याचा अधिकार कोणालाच नसल्यामुळे हुकूम बातमीच्या वेषात पाठवले जातात आणि ‘कस्टमर शुड बी नोटिफाइड’ अशा नावाचा इव्हेंट जन्माला येतो. तो धड भूतकाळही नसतो आणि धड आज्ञार्थही नसतो. ऑफिसातला जो स्वर ‘जरा बघाल का’ असा असतो, तोच हा. नावाच्या मागे आवृत्ती असते: व्ही१, व्ही२. व्ही१ कोणी वाचत नाही अशी खात्री झाल्यावर ती बंद करतात, आणि ती कोण वाचत होते हे त्यानंतर दहा मिनिटांत समजते. या सगळ्या मायन्याला शिस्त लावण्यासाठी क्लाउडइव्हेंट्स नावाचे प्रमाण निघाले, त्याची १.० आवृत्ती २०१९ची. त्यात सक्तीचे रकाने चारच आहेत: ओळख, उगम, प्रकार आणि आवृत्ती. यातली आवृत्ती संदेशाची नसून त्या प्रमाणाचीच आहे.

पत्त्याच्या बाबतीत दोन संप्रदाय आहेत. रॅबिटएमक्यूच्या टॉपिक एक्सचेंजमध्ये टिंबांनी तोडलेले शब्द लिहितात, जसे ‘ऑर्डर.पुणे.नवी’. घेणारा त्यात तारा घालून एक शब्द मोकळा सोडतो किंवा हॅश घालून हवे तितके. ‘आपल्याला काय हवे ते नक्की करू आणि मग बदलू’ असे ठरवून बहुतेक टीम नुसता हॅश घालतात आणि सगळ्यांचे सगळे संदेश घेतात. काफ्कात पत्त्याचे काम ‘की’ करते. समान की असलेले संदेश एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे रांगेच्या एकाच भागात, जातात, आणि संदेशांचा क्रम फक्त पार्टिशनच्या आतच राखला जातो. की म्हणून ऑर्डरचा क्रमांक घातला तर ‘ऑर्डर आली’ आणि ‘ऑर्डर रद्द झाली’ हे ओळीने येतात. की मोकळी सोडली तर ऑर्डर येण्याआधीच रद्द झाल्याचे गोदामाला कळू शकते. शहराचे नाव की म्हणून घालणारेही असतात. मग मुंबईचे सारे संदेश एका पार्टिशनमध्ये तुंबतात आणि शेजारच्या पार्टिशनमध्ये दिवसभरात हिंगोलीचे दोन येतात. उपाय म्हणून पार्टिशनची संख्या वाढवली, तर कीवरून पार्टिशन ठरवण्याचा हिशेबच बदलतो. जुने संदेश एका पार्टिशनमध्ये आणि त्याच कीचे नवे दुसऱ्यात, असा प्रकार होतो.

एवढा मायना ओलांडला की मजकूर लागतो. तो बहुधा जेसन या लेखनपद्धतीत असतो, कारण जेसन माणसाला वाचता येतो. संदेश माणसाने वाचायचे नसतात, पण वाचायची वेळ येणार हे सर्वजण धरून चाललेले असतात. जेसनमध्ये रकान्यांची नावे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतात. ग्राहकाचा क्रमांक एका टीमकडे ‘कस्टआयडी’, दुसरीकडे ‘कस्टमर_आयडी’, तिसरीकडे ‘क्लायंटनंबर’ असतो. कंपनीने मध्यंतरी दुसरी कंपनी विकत घेतली असल्यास ‘लेगसीकस्टमरआयडीन्यू’ हाही सापडतो, आणि त्यात जुने व नवे एकाच रकान्यात सुखाने नांदतात. हो की नाही एवढेच सांगायचे असेल तर खरे, अवतरणचिन्हांतले खरे, १, ‘वाय’ आणि ‘येस’ असे मार्ग आहेत. काहीच सांगायचे नसण्याचे प्रकार त्याहून जास्त. रकाना असतो पण त्यात नल असते, रकानाच नसतो, रिकामे अवतरण असते, ‘एनए’ असते, आणि सगळ्यांत घातक म्हणजे चार इंग्रजी अक्षरांत रीतसर लिहिलेला ‘नल’ हा शब्द असतो. मग ‘प्रिय नल’ अशा संबोधनाची ईमेल ग्राहकाला जाते.

रक्कम लिहिताना तर आणखी गंमत आहे. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो सतराव्या दशांश स्थळी थोडी जास्त दाखवतो. पैशांत असे चालत नाही, म्हणून जाणकार रुपये न लिहिता पैसे पूर्णांकात लिहितात. हा निर्णय पाठवणाऱ्या टीमने घेतलेला असतो. तो वाचणाऱ्या टीमपर्यंत पोचलेला नसेल तर ४९९ रुपयांची ऑर्डर ४९,९०० रुपयांची होते. मोठ्या आकड्यांची तऱ्हा वेगळी. जेसनमध्ये आकडा कितीही लांब असला तरी चालतो, पण जावास्क्रिप्टला ९००७१९९२५४७४०९९१ याच्या पुढचे पूर्णांक बिनचूक धरवत नाहीत. शेवटचे अंक ती मनाने बदलते. २०१० मध्ये ट्विटरचे क्रमांक या हद्दीकडे निघाले, तेव्हा कंपनीने प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा आकडा म्हणून आणि एकदा मजकूर म्हणून. घरोघरच्या मेसेजमध्ये एकच क्रमांक जोडीने दिसतो त्याची पूर्वपीठिका ही.

मजकुराच्या पोटात मजकूर ही या क्षेत्रातली खास कलाकुसर आहे. आलेला संदेश उलगडून वाचायचा कंटाळा आला की मधला प्रोग्रॅम तो जसाच्या तसा अवतरणात घालून आपल्या संदेशात भरतो. आतल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी त्यासाठी एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. पुढच्याने पुन्हा तेच केले की एकाच्या तीन रेघा होतात, मग सात, मग पंधरा. रेघा मोजून संदेश किती टीममधून फिरून आला ते सांगता येते. इतिहास जतन करण्याची हीच एक पद्धत अशी आहे की ती कोणालाही मुद्दाम पाळावी लागत नाही. शेवटी ‘अॅडिशनल इन्फो’ नावाचा रकाना असतो आणि त्यात ‘एक्स्ट्रा१’ ते ‘एक्स्ट्रा५’. एक्स्ट्रा३ मध्ये जीएसटी क्रमांक येतो हे एकाच मॅडमना ठाऊक असते, आणि त्या जानेवारीत बंगळुरूच्या कंपनीत गेलेल्या असतात.

या मुक्तछंदाला कंटाळलेले लोक स्कीमाकडे, म्हणजे आधीच ठरवलेल्या साच्याकडे, वळतात. २००८ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्समध्ये रकान्यांची नावे संदेशातून जातच नाहीत, क्रमांक जातात. १ ते १५ क्रमांकांना एकच बाइट लागतो, म्हणून वारंवार येणाऱ्या रकान्यांसाठी ते राखून ठेवावेत असा सल्ला आहे. प्रत्यक्षात ते पहिल्या आठवड्यातच संपतात आणि त्यांतले काही पुढे बंद पडलेल्या योजनांच्या नावावर असतात. रकाना काढला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देता येत नाही, कारण जुने संदेश अजून कुठे तरी पडून असतील. अॅव्रो या दुसऱ्या पद्धतीत अनेकजण स्कीमांची वेगळी नोंदवही ठेवतात: मजकुराच्या आरंभी एक शून्य बाइट, पुढे चार बाइटांत स्कीमाचा क्रमांक, आणि अर्थ हवा असेल तर नोंदवहीत जाऊन पाहावे. जुने वाचणारे अडू नयेत म्हणून नवा रकाना ऐच्छिक ठेवायचा आणि जुना काढायचा नाही, अशी सर्वमान्य रीत आहे. तिच्यामुळे संदेश वाढतो, कमी होत नाही. संस्थेत जसे संवादाचे मार्ग असतात तशीच तिची यंत्रणा घडते, असे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले. कंपनीतले कोणते दोन मॅनेजर एकमेकांशी बोलत नाहीत हे जाणून घ्यायचे असल्यास तिचा एक संदेश उघडून समानार्थी रकाने पाहावेत. एचआरकडे जायची गरज पडत नाही.

वाढीला शेवटी आकाराची मर्यादा आवर घालते. काफ्का मूळ सेटिंगमध्ये साधारण एक एमबीपर्यंतचा संदेश घेते. ही मर्यादा कळते ती कोणी तरी इन्व्हॉइसची पीडीएफ बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदलून मजकुरात कोंबतो तेव्हा. या रूपांतरात फाइल एक तृतीयांशाने फुगते हे त्याच वेळी कळते. फाइल अन्यत्र ठेवून संदेशात फक्त तिची पावती पाठवावी, हा उपाय ग्रेगर होपे आणि बॉबी वूल्फ यांच्या २००३च्या ग्रंथात आहे. सहसा मर्यादा दहा एमबी करून प्रश्न मिटवतात.

संदेश कुठे संपला हेही लिहावे लागते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवत, म्हणजे त्यापुढे कोणाला ओळ घुसवता येत नसे. एएमक्यूपीच्या ०-९-१ आवृत्तीत प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे पाठवलेल्या तुकड्याच्या, शेवटी २०६ या किमतीचा एक बाइट असतो. तो जागेवर नसेल तर काहीही ऐकून न घेता जोडणी तोडावी, असा नियम आहे. काफ्का संदेशांच्या जुडीवर सीआरसी नावाची बेरीज लिहून ठेवते. वाटेत एखादा बिट बदलला तर ती पकडते; ४९९चे ४९,९०० झाले असतील तर पकडत नाही, कारण बिट शाबूत असतात.

जो संदेश घेणाऱ्याला पचत नाही, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि प्रत्येक वेळी घेणाऱ्याला पाडतो. त्याला विषारी संदेश म्हणतात. ठरावीक प्रयत्नांनंतर तो डेड लेटर क्यूत, बोलीभाषेत डीएलक्यूत, टाकला जातो. रॅबिटएमक्यू त्याच्या मायन्यात ‘एक्स-डेथ’ नावाचा आणखी एक हेडर जोडते. संदेश कोणत्या रांगेत, कशाने, किती वेळा आणि केव्हा गेला याचा त्यात तपशील असतो. संपूर्ण संदेशातला हाच भाग नेमका, निःसंदिग्ध आणि पुरेसा असतो, आणि तो वाचायला कोणी नेमलेले नसते. अॅमेझॉनच्या एसक्यूएस या रांगसेवेत कोणताही संदेश जास्तीत जास्त १४ दिवस ठेवता येतो. साध्या रांगेतून डीएलक्यूत गेलेल्या संदेशाचे दिवस तो मूळ रांगेत आला त्या वेळेपासूनच मोजतात. त्यामुळे चौकशीची मीटिंग पंधरा दिवसांनी ठेवली, तर रांग आपोआप रिकामी झालेली असते आणि डॅशबोर्ड हिरवा दिसतो.